हायवे सोडून

(दुपार. कड्याच्या कडेने चढत जाणारा अरुंद रस्ता. गाडीत दोघीच.)

सासू: अगं, हॉर्न वाजव ना! वळण आलं की हॉर्न वाजवायचा, एवढंही शिकवलं नाही का तुला त्या ड्रायव्हिंगच्या क्लासात?

सून: वाजवला की, आई. तुम्ही डोळे मिटलेत ते ठीक, पण कान कशाला मिटताय?

सासू: डोळे नव्हते मिटले. ऊन येत होतं.

सून: ऊन आपल्या पाठीमागून येतंय. हे बघा, हा रस्ता तुम्हीच निवडलात. मी म्हणत होते हायवेने जाऊ, जेवायच्या वेळेला वन्संकडे पोचलो असतो. तर नाही! ‘मला डोंगरातनंच जायचंय.’ जगभरातून लोक मुद्दाम येतात इथे गाडी चालवायला, आणि तुम्ही त्या दाराच्या दांडीला लोंबकळताय.

सासू: लोंबकळत नाहीये, नुसती धरलीय. आणि मला नको सांगूस. याहून भयंकर रस्ते पाहिलेत मी.

सून: तुम्ही? कुठे?

सासू: मोबाईलवर. एक आहे अगदी समुद्रालगत. वादळ असलं की लाट थेट रस्त्यावर चढते, आणि गाड्या आपल्या वायपर लावून चाललेल्या, जशी काही पावसाची भुरभुर आहे. दुसरा एक आहे, तो गावातल्या माणसांनी हातानं डोंगर पोखरून केला. उजेडासाठी कड्याच्या बाजूला भोकं ठेवलीत, ओळीनं काजं केल्यासारखी. आणि एक तर नुसता वळणांचाच. वरून बघितला की वाटतं, शिकाऊ पोरीनं मशीनवर बसून वाकडीतिकडी टीप मारलीय.

सून: शिवणाचं दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या बोलण्यातला दोरा काही तुटत नाही. बरं, एवढं सगळं बघितलंत कधी? मला तर कधी दिसला नाहीत.

सासू: तुम्ही दोघं आतल्या खोलीत भांडायचात ना, तेव्हा. कानात ते इअरफोनचं बोंडुक घालायचे आणि बघत बसायचे. तुमचा आवाज चढला की मी त्याहून उंच डोंगर लावायचे. गेल्या वर्षभरात बहुतेक सगळं जग फिरून झालं माझं.

सून: मला वाटायचं, तुम्हाला काही ऐकू जात नाही.

सासू: तुला तसं वाटावं म्हणूनच तर घालायचे. समोर बघ, समोर. ट्रक आहे.

सून: दिसला. जाऊ दे त्याला आधी... गेला. वन्संना फोन करा बघू, उशीर होईल म्हणून. काळजी करत बसतील.

सासू: रेंज नाही. बरंच आहे.

सून: त्यात बरं काय?

सासू: मी तिला टॅक्सीनं येते म्हणून सांगितलंय.

सून: टॅक्सीनं? म्हणजे मी सोडायला येतेय हे त्यांना माहीतच नाही?

सासू: भावाची बाजू घेते ती. बहीण आहे, घेणारच. म्हटलं, आधीपासून कशाला तिच्या डोक्याला ताप.

सून: ठीक आहे. मी फाटकाशीच सोडीन. बॅगा उतरवते आणि तशीच मागे फिरते. अंधार पडायच्या आत हायवेला लागले की झालं.

सासू: चहासुद्धा न घेता?

सून: कुठल्या नात्यानं घेऊ? तुमच्या मुलाचा संसार दुसरीकडे मांडून झाला. कोर्टाचे कागद हातात आले. महिनाअखेर घर सोडायचंय, तुम्ही वन्संकडे राहणार, मी माझ्या चष्म्याच्या दुकानावरची एक खोली बघितलीय. आता तुम्हाला आई म्हणायचं की काकू, हेच मला कळेनासं झालंय.

सासू: काकू म्हणून बघ. ओ देणार नाही.

सून: हसवू नका, वळण आहे. आणि खरं सांगा, इतकी भीती वाटतेय तर या रस्त्याचा हट्ट कशाला केलात?

सासू: हायवेनं गेलो असतो तर आत्ता मी लेकीच्या सोफ्यावर बसले असते. आणि तू परतीच्या वाटेला लागली असतीस.

सून: मग?

सासू: मग काय! या रस्त्याला अख्खा दिवस जातो.

सून: ...पाणी द्या जरा. ती बाटली.

सासू: घे. सावकाश. अगं, पुढे तो झेंडा कसला हलवतोय बघ.

रस्तेवाला: थांबा, थांबा! ब्रेक लावून ठेवा, ताई. सकाळी वरून धोंडा आलाय. पुढच्या वळणाला बसलाय भिंतीला टेकून. मशीन उद्या येणार.

सून: म्हणजे रस्ता बंद?

रस्तेवाला: बंद नाही. धोंडा आणि दरी यांच्यामधनं छोटी गाडी निघते. तुमची निघेल. सकाळपासून काढतोय आम्ही. मागे वळायला इथे जागा नाही, आणि रिव्हर्समध्ये खाली जायचं म्हणाल तर त्यापेक्षा हे परवडलं.

सून: ही दुसरी बाजू खचणार तर नाही ना?

रस्तेवाला: खचायची असती तर मी झेंडा लाल धरला असता. फक्त एक करायचं. चालवणारा आत, बाकीच्यांनी उतरायचं. आजींना मी हाताला धरून पलीकडे नेतो, काळजी नको.

सून: उतरा, आई.

सासू: मी नाही उतरत.

सून: आई!

रस्तेवाला: वजनाचं काही नाही, आजी. माणसं आत बसून किंचाळतात, चालवणारा बिचकतो, म्हणून नियम केलाय.

सासू: मी नाही किंचाळणार.

सून: सकाळपासून दुसरं काय करताय? उतरा, ऐका माझं. तुम्हाला काही झालं तर मी कुणाला काय सांगू? माझा काय अधिकार तुम्हाला असं घेऊन जायचा? कागदावर मी तुमची कुणी लागत नाही आता.

सासू: त्या कागदावर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी कुणी मागितली नाही. मागितली असती तरी दिली नसती. अहो दादा, धोंडा कुठल्या बाजूला आहे?

रस्तेवाला: तुमच्या. दरी ताईंच्या बाजूला.

सासू: मग तिनं दरी बघावी, मी धोंडा बघते. दोन्हीकडे एकटीनं कसं बघायचं तिनं?

रस्तेवाला: ...तेही खरंच. बरं, बसा. पण आवाज नाही हं! आरसे आत घ्या दोन्ही. मी पुढे उलटा चालतो, माझ्या हाताकडे बघा. पहिला गिअर. घाई कुणालाच नाही.

सून: आरसे घेतले आत. गिअर टाकला.

सासू: आता क्लच सोड हळू. हं... इकडे वीतभर आहे. जाऊ दे. जाऊ दे... चार बोटं. 

सून: माझ्याकडे संपलंय, आई. मला रस्ता दिसतच नाहीये.

रस्तेवाला: या, या, या! आहे जागा! माझ्याकडे बघा, खाली नको!

सासू: इकडे ये थोडी. अजून. दोन बोटं आहेत, येऊ शकतेस. अस्सं. आता सरळ... सरळ... दारावर घासतंय, घासू दे, रंगच जाईल... गेला. मागे गेला धोंडा. 

रस्तेवाला: शाब्बास, ताई! पुढे कठडा आहे, तिथे बाजूला घेऊन थांबा जरा. सगळेच थांबतात. आजी, बोललात तसं वागलात बघा.

सासू: थांबव इथे. हँडब्रेक ओढ. रडतेस होय? रड. मी बघते आजूबाजूला.

सून: तुम्ही डोळे उघडे ठेवले होते?

सासू: ठेवावेच लागले. तुला बोटं कोण सांगणार? अगं बाई, खाली नदी आहे! सकाळपासून मला वाटतंय नुसता खड्डा. केवढी हिरवी आहे बघ. आणि तो आपला रस्ता ना, तो खालचा? तिथनं आलो आपण?

सून: तिथनंच. ते सगळं तुम्ही डोळे मिटून पार केलंत.

सासू: मोबाईलवर वारा लागत नाही, नाही का? ...हा वाजतोय कुठे? आली वाटतं रेंज. थांब. हॅलो? हो, हो, सुखरूप आहे. अगं, टॅक्सी नाही. तुझ्या वहिनीनं आणलंय. वहिनी म्हणाले, ऐकू आलं ना? ...ते तुझं आणि तुझ्या भावाचं तुम्ही बघा. मी माझं सांगतेय. ...नाही, ती लगेच जाणार नाही. असल्या रस्त्यावरून आणलंय तिनं मला, आणि फाटकातनं परत पाठवू? तसं असेल तर मीपण फाटकातच उभी राहीन. ...हं. ...हं. माझ्याच खोलीत दोन अंथरुणं घाल. ...थांब, विचारून सांगते.

सून: काय म्हणाल्या? नको, आई, मी खरंच निघते. उगाच त्यांना...

सासू: विचारतेय, तू अजूनही तिखट कमीच खातेस का.