सहाशेची सायकल

छोट्या : अगं ताई, तुला कशाला हवाय फॉर्म? तुझं माप पाठ आहे मला. सख्खी बहीण तू, गिऱ्हाईक आहेस का?

ताई : आज गिऱ्हाईकच समज. लोक म्हणतात, मापाची सायकल बांधून द्यायच्या आधी तू दोन-दोन तास माणसाची विचारपूस करतोस. मलाही बघू दे की तुझी विचारपूस कशी असते ती.

छोट्या : झालं! अजून नीट टेकली नाहीस तोवर टोमणे सुरू.

ताई : टेकायला वेळ कुठाय? शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून आलेय. विचार भराभर.

छोट्या : बरं बाई. सायकल कशासाठी हवी?

ताई : सहाशे किलोमीटरसाठी. चाळीस तासांच्या आत. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आणि रविवारी रात्री दहापर्यंत परत पोचायचं. सात डिसेंबरला राइड आहे.

छोट्या : सहाशे? ताई, बाबांना लकवा मारल्यापासून, पाच वर्षांत तू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी सायकल चालवलीस का?

ताई : हे फॉर्ममध्ये लिहिलंय का?

छोट्या : नाही, पण...

ताई : मग फॉर्ममधलं विचार. आणि चालवते मी. जुनी सायकल स्टँडवर चढवून बाबांच्या पलंगाशेजारी ठेवलीय. रोज पहाटे दीड तास. दरदरून घाम येतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसावं लागतं, बाकी सगळं तेच.

छोट्या : बाबा बघतात?

ताई : बघतात. डावा हात हलवून "जोरात" म्हणतात. म्हणजे मला तरी तसं वाटतं.

छोट्या : ...दुखणं-खुपणं? काही जुनी दुखापत?

ताई : उजवं मनगट. बाबांना पलंगावरून खुर्चीत घेते ना, सगळं वजन तिथंच येतं. ब्रेक जोरात दाबला की कळ थेट कोपरापर्यंत जाते.

छोट्या : मग एका बोटानं लागेल असा डिस्क ब्रेक टाकतो. आतून तेलाचा, तारेऐवजी तेलाच्या दाबानं लागणारा. तुला जोरच लावावा लागणार नाही. आणखी?

ताई : कंबर. सकाळी उठल्यावर अर्धा तास मी वाकडीच चालते.

छोट्या : हँडल वर घेऊ. सीटपेक्षा चार बोटं उंच. हँडलखालची पुढची नळी लांब ठेवतो. टायर जाड आणि मऊ घालू, म्हणजे हादरे कमरेपर्यंत पोचणारच नाहीत. चढाला सगळ्यात हलका गिअर देतो, पायी चालल्यासारखी चढशील.

ताई : वा! तोंडात साखर आहे हो तुमच्या, मिस्त्री.

छोट्या : ताई, पुरे ना.

ताई : पुढचा प्रश्न?

छोट्या : तो सोड. तो परक्या लोकांसाठी आहे.

ताई : वाच.

छोट्या : "रात्री सलग किती तास झोपता?"

ताई : दोन.

छोट्या : काहीतरीच!

ताई : दर दोन तासांनी कूस बदलावी लागते त्यांची. नाहीतर पाठीला जखमा होतात. लिही ना, दोन. चौकट मोठी आहे, बसेल. ही राइड करणारे लोक म्हणे रात्रभर जागायची भीती घालतात एकमेकांना. मला हसू येतं. रात्र जागायच्या कामात मला बक्षीस मिळायला हवं.

छोट्या : तू मला कधी...

ताई : दिव्याचं काय?

छोट्या : दिवा पुढच्या चाकातल्या डायनॅमोवर. माझ्याकडचा सगळ्यात चांगला. बॅटरी संपायची भानगड नाही, चाक फिरतंय तोवर उजेड. आणि त्याच्यावरच फोन चार्ज होईल अशी सोय करतो. घरून फोन आला तर?

ताई : कोण करणार फोन?

छोट्या : म्हणजे?

ताई : घरून फोन कोण करणार, छोट्या? त्या दोन दिवसांत घरात कोण असणार?

छोट्या : काकू आहेतच की.

ताई : काकू बहात्तर वर्षांच्या आहेत. त्या बाबांना पाणी पाजतील. उचलतील का? मी तुझ्याकडे सायकल मागायला आले, पण त्यासोबत दोन दिवस मागायला आलेय. शनिवार आणि रविवार. बस. पाच वर्षांतले दोन दिवस.

छोट्या : बाई लावू ना एखादी. चांगली शिकलेली नर्स बघतो. पैसे मी देतो.

ताई : तीन बायका लावून झाल्या. बाबा तोंड घट्ट मिटून घेतात. उपाशी राहतात पण घास घेत नाहीत. माझ्या हातून खातात. आणि दोन वर्षांपूर्वी तू राहिला होतास ना एक दिवस, तेव्हा तुझ्या हातून खाल्लं होतं. वाटीभर. मी आले तर वाटी चाटूनपुसून साफ.

छोट्या : आधी सायकलचं ठरवून टाकू का? चामड्याचं सीट टाकतो. परदेशातून एक मागवून ठेवलंय, कुणालाच दिलं नव्हतं. मडगार्ड ॲल्युमिनियमचे. पुढे बॅग, तिच्या खाली छोटं कॅरियर, तुझ्यासाठी हातानं वाकवून करतो. रंग कुठला?

ताई : कुठलाही. खाली तारीख टाक, कधी देणार ती.

छोट्या : टाकली.

ताई : बघू. वीस डिसेंबर?

छोट्या : नळ्या बाहेरून येतात गं. रंग वाळायला वेळ लागतो. माझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग आहे.

ताई : सप्टेंबर चालू आहे, छोट्या. त्या दातांच्या डॉक्टरची सायकल तू एकवीस दिवसांत दिलीस. तूच फोन करून मला सांगितलंस, केवढा खूश होतास. आणि माझी वीस डिसेंबरला?

छोट्या : घाईत काम बिघडतं. सांधा नीट नाही भरला तर...

ताई : सात तारखेला राइड, वीसला सायकल. मिस्त्री, तुम्ही आतून तेलाचा ब्रेक द्याल, चामड्याचं सीट द्याल, हातानं वाकवून कॅरियर द्याल, पण दोन दिवस द्यायची वेळ आली की माझ्या तोंडाला पानं पुसाल. सरळ "नाही" म्हणायचीही हिंमत नाही तुझ्यात!

छोट्या : नाही! बस? नाही जमणार मला. मिळालं उत्तर?

ताई : का?

छोट्या : ...त्या दिवशी, मी राहिलो होतो ना... बाबांना बाथरूममध्ये नेत होतो. माझ्या हातून सुटले. फरशीवर. आवाज आला तो अजून कानातून जात नाही. ते ओरडले पण नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी इथं रोज पितळ वितळवून नळ्या जोडतो, हात केसभर हलत नाही. आणि त्या दिवशी ते हातातून निसटले. त्यानंतर त्या खोलीत पाय ठेवायचं म्हटलं तरी दारातूनच परत फिरतो.

ताई : माहीत आहे.

छोट्या : काय माहीत आहे?

ताई : पडले होते ते. खांदा काळानिळा पडला होता. दुसऱ्या दिवशी अंघोळ मीच घातली ना, मला दिसणार नाही? मी काही आंधळी नाही.

छोट्या : मग बोलली का नाहीस?

ताई : वाटलं, आपण होऊन सांगशील. पंधरा दिवस वाट बघितली. मग म्हटलं, सोडा.

छोट्या : तुझ्या हातून असं झालं असतं ना, तर कळलं असतं तुला.

ताई : माझ्या हातून चार वेळा पडलेत.

छोट्या : चार?

ताई : एकदा तर दोघंही पडलो. ते खाली, मी वर. तासभर तसेच पडून होतो. मला उठता येईना. शेवटी ते हसायला लागले, तोंड वाकडं करून, आणि मग मीही हसले. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा उचलायचंच होतं रे. दारातून परत फिरून मी कुठं जाणार होते?

छोट्या : ताई... मी तारीख खोडतो. पंधरा नोव्हेंबर लिहितो. त्याच्याही आधी देतो. सगळं काम बाजूला ठेवून देतो.

ताई : आणि शनिवार-रविवार?

(छोट्या पेनचं टोपण लावतो, काढतो, पुन्हा लावतो.)

ताई : बरं.

छोट्या : थांब ना. निघालीस कुठं? सायकल तर बांधू दे मला. तेवढं तरी करू दे.

ताई : बांध की. चांगलीच बांधशील तू. पण ज्याला घरातून निघता येतं, अशा कुणाच्या तरी मापाची बांध.