मार्कांचा बर्गर

काउंटरवरची मुलगी ट्रे पुसत होती, पण तिचे कान रांगेतल्या आजोबा-नातीकडे होते.

“चांगले मार्क पडले म्हणून शाळेनं बर्गरचं कुपन द्यायचं? काय हे थेर!”

“आजोबा, हळू बोला ना.”

“आमच्या वेळी पाठीवर थाप मिळायची, बस्स!”

“आणि मार्क कमी पडले की?”

“तेव्हाही पाठीवरच मिळायचं. म्हणून तर शाळा सोडली.”

“मग कुपन परत देऊ या.”

“वेडी की काय! अडुसष्टाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात, गणितात ब्याण्णव पडलेत मला!”

“मग खा की गुपचूप.”

“खातो. पण मुख्याध्यापकांना कडक पत्र लिहिणार, हे प्रकार बंद करा म्हणून.”

“आजच?”

“छे! वार्षिक परीक्षेचा निकाल लागू दे.”