झाडावरचं दुसरं नाव

(जूनमधली शनिवारची दुपार. नदीवरच्या पुलाजवळ, ताउनोचं अंगण.)

हिल्का : कॉफी नको मला. आधी सांग, झाडावर ते नाव कोणी कोरलं?

ताउनो : बस तर खरी. पाहुण्यांना कुठं सोडून आलीस?

हिल्का : खाली धारेपाशी. माशाचं सूप ओरपताहेत, नदीचे फोटो काढताहेत. या मोसमातली पर्यटकांची पहिलीच मंडळी. सकाळी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगत होते, हे आमच्या गावाचं नावांचं झाड. चर्चकडं मयत नेताना इथं थांबायचं, खोडावर नाव कोरायचं. मग गेलेला माणूस घराकडं निघालाच, तर इथं स्वतःचं नाव वाचतो नि मागं फिरतो. तेवढ्यात ती हेलसिंकीची बाई वाकली. म्हणते, "तुमच्या आईच्या नावाखाली हा ओइवा कोण?"

ताउनो : साखर घेतेस ना अजून?

हिल्का : ताउनो! माझ्या भावाचं नाव तिथं नव्हतं. देहच सापडला नाही, तर नेणार काय नि कोरणार काय? पन्नास वर्षं आईनं कुणाला त्या खोडाला हात लावू दिला नाही.

ताउनो : फेब्रुवारीत तुझ्या आईचं नाव कोरायला तूच मला बोलावलंस. कोरून झालं. तुम्ही सगळे पुढं गेलात. चाकू हातातच होता...

हिल्का : हातात होता म्हणून? मग माझंही कोरून टाकायचंस, खेप वाचली असती!

ताउनो : चिडू नकोस, पोरी.

हिल्का : पोरी कसली, सहासष्ट वर्षांची बाई आहे मी. दर शनिवारी आमचं सगळ्यांचं न्हाणं आटोपलं की सौनातली शेवटची वाफ आम्ही ओइवासाठी ठेवायचो. रविवारी सकाळी टॉवेल ओला असायचा. फेब्रुवारीपासून कोरडा! मला वाटलं, आई गेली म्हणून रुसला. चार महिने त्या रिकाम्या बाकाची समजूत काढतेय मी. वेड्यासारखी, एकटी.

ताउनो : मला वाटलं, सुटेल.

हिल्का : कोण? तो, की तू?

ताउनो : मी. ओइवा बुडाला त्या दिवशी नदीत सोडलेले ओंडके अडकले, ते मोकळे करताना त्याचा पाय घसरला. त्यानं हात वर केला. आकडीची काठी माझ्या हातात होती, हिल्का. मी ती पुढं केलीच नाही. पाय गारठले माझे. नंतर सगळ्यांना सांगत सुटलो, काठी पोचली नाही म्हणून.

हिल्का : ठाऊक आहे.

ताउनो : तुला?

हिल्का : आईला त्याच संध्याकाळी कळलं. तू तिच्या नजरेला नजर दिली नाहीस. मला तिनं फार नंतर सांगितलं. ते जाऊ दे. ऊठ, पटाशी घे, नाव तासून काढ.

ताउनो : कोरलेल्या नावाला पुन्हा लोखंड लावत नाहीत, हे तूच पाहुण्यांना सांगतेस. आणि तो कुठं गेलेला नाही.

हिल्का : म्हणजे?

ताउनो : झाड तुझ्या वाटेवर आहे. माझं घर झाडाच्या अलीकडं, नदीच्या बाजूला. तो नदीतून वर येतो, झाडापाशी पोचतो, नाव वाचतो नि वळतो. वळल्यावर पहिलं दार माझंच.

हिल्का : इथं येतो?

ताउनो : दर शनिवारी. माझ्या सौनाच्या खिडकीतून दिसतो. बाकावर बसलेला, पाठमोरा. काही विचारत नाही. एकदा त्यानं विचारून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

हिल्का : आणि तू काय करतोस?

ताउनो : दार लावून घरात बसतो.

हिल्का : भट्टी तरी पेटवतोस ना?

ताउनो : आत पाऊल टाकायची छाती होत नाही माझी.

हिल्का : गार सौनात बसवलंस त्याला? चार महिने?

ताउनो : आज तू थांब ना. तू असलीस तर पेटवीन.

हिल्का : नाही. माझी माणसं खोळंबलीत. आणि माझ्याकडं नाही आलेला तो, तुझ्याकडं आलाय.

ताउनो : हिल्का...

हिल्का : लाकडं आत्ताच नेऊन ठेव. आणि हे बघ, त्याला फार कडक वाफ सोसत नाही. पाणी बेतानं टाक.