चाळीस खिळे

—नाही ताई, तुमचं नाव नंतर, आधी वरचा रकाना भरू द्या मला. बारा ऑक्टोबर, गुरुवार. हवा — पहाटे पाऊस, आता थांबलाय, ढग खाली, पारा साडेचार. वेळ दहा पंचवीस. हां. बसा की त्या बाकावर, शेगडीजवळ, बूट तेवढेच कोरडे होतील. नवे आहेत ना? दिसतंच. नवे बूट आणि तळ्याची वाट — उतरताना टाचा काय ते सांगतील तुम्हाला.

तर वाटेचं सांगतो, सगळ्यांना सांगतो तसंच. पहिला तास झाडीतून, चिखल आहे, पण चिखलानं कोणी मरत नाही, कपडे तेवढे धुवावे लागतात. मग ओढ्यावरचा पूल, ओंडक्यांचा — उजवीकडचा ओंडका कुजलाय, तेव्हा डावीकडून, एका वेळी एकानंच. मग तीन वळणं. पहिली दोन ठीक. तिसऱ्यावर सुटे दगड. पाय ठेवेपर्यंत ते हलत नाहीत, म्हणून माणूस फसतो. तिथे दोर बांधलाय, तो धरायचा, लाज वाटली तरी धरायचा. तिथून अर्धा तास की तळं. अकरानंतर मी कोणाला वर सोडत नाही, आणि दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं — तळं दहा पावलांवर दिसत असलं तरी. आणि पाय मुरगळला, वाट चुकली, काहीही झालं, तर जागा सोडायची नाही. बसायचं, शिट्टी वाजवायची, थांबायचं. साडेपाचला मी बिल्ले मोजतो, एक जरी कमी दिसला तरी सहाच्या आत माणसं वर निघतात. निघतातच.

बिल्ले? हे काय, माझ्या मागे. चाळीस खिळे, चाळीस बिल्ले. जाताना एक गळ्यात घालायचा, उतरलात की त्याच्या त्याच्या खिळ्यावर परत. संध्याकाळी मला वहीसुद्धा उघडावी लागत नाही, फळ्याकडे नुसतं बघितलं की कळतं.

सतरा नंबर? — लक्ष आहे हं तुमचं. वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. बाकीचे पितळी, तो तेवढा पत्र्याचा. डब्याच्या झाकणाचा आहे, मीच कापला, खिळ्यानं ठोकून आकडा काढला. सात जरा वाकडा आलाय. मूळचा हरवला होता, गेल्या वर्षी एप्रिलात, आणि तो मोकळा खिळा — काय सांगू — दिवसभर डोळ्यांत सलायचा. रोज मोजणीत एक कमी, रोज मनात म्हणायचं की हा हरवलेला, हा माणूस नाही. म्हणून केला एक. फळा भरलेला दिसला की बरं वाटतं मला. आमची ही म्हणायची, तुम्हाला मी दिसते की माझा नंबर दिसतो? कारण सतरा तिचाच. ती पाणीखात्यात होती, दर गुरुवारी तळ्यावर जाऊन पाण्याची पट्टी वाचायची, किती सेंटिमीटर चढलं, किती उतरलं. तिनंच हरवला होता.

ती पाटी वाचताय होय? लाल अक्षरातली. वाचा की, वाचायलाच लावलीय. ‘मागील वर्षी एक कर्मचारी बिल्ला न घेता वर गेल्यामुळे शोधकार्यास विलंब होऊन मृत्यू.’ हो. तीच. पाटी कचेरीतून आली, चार स्क्रू बरोबर आले होते, मी बसवली. सरळ बसलीय ना? लेव्हल लावून बसवली.

नाही, पाणी नको, मला काही होत नाहीये. काहीच होत नाही, तेच तर.

ऑगस्टात सापडला होता तो, मूळचा. तिच्या रेनकोटचं अस्तर फाटलं होतं, त्यात. ‘सापडला हो तुमचा सतरा,’ म्हणाली, आणि मी वहीत मान घालून म्हटलं, असू दे तुझ्याकडे. मग ती तोच घेऊन जायची. फळ्याकडे यायचीच नाही, खिडकीतून बिल्ला दाखवायची, मी नाव लिहायचो, झालं. पत्र्याचा काढून टाकायला हवा होता. उद्या काढू, उद्या काढू. त्यात अवघड काय होतं, हात वर करायचा फक्त. त्या गुरुवारी एकोणीस जणांची टोळी होती, एकाच वेळी सगळे बोलत होते, कोणाचं नाव काय ते मला ऐकू येईना — आणि त्यांच्या डोक्यांवरून तिचा हात दिसला, हातात बिल्ला. मी मान हलवली. लिहायचं राहिलं. साडेपाचला फळा बघितला. चाळीस खिळे, चाळीस बिल्ले. ‘सर्व परत’ लिहिलं, कुलूप लावलं, घरी गेलो. गुरुवारी ती उतरून थेट बहिणीकडे जायची मुक्कामाला, त्यामुळे घरी नव्हती ते मला रोजचंच वाटलं. सकाळी मेहुणीचा फोन — भाऊजी, ताई काल आली नाही, बरी आहे ना?

नऊ चाळीसला सापडली. तिसऱ्या वळणाच्या खाली. पाय मोडला होता, बाकी फार काही नाही. डॉक्टर म्हणाले थंडीनं, पहाटे चार-पाचच्या सुमारास. जागा सोडली नव्हती तिनं. रांगत पुलापर्यंत आली असती कदाचित, पुलावर सकाळी लवकर लाकूडतोडे असतात — पण नाही आली. साडेपाचला मोजणी, सहाच्या आत माणसं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पहिला मीच पोचलो. बिल्ला मुठीत होता. काढून घेतला. चौकशीला दोघे आले होते, भली माणसं, त्यांनी विचारलं, बिल्ला नेला नव्हता का त्यांनी? मी म्हटलं, नाही. एवढंच. फळा भरलेला होताच, त्यांनी मोजला.

मेहुणी महिन्यातून एकदा येते. तुम्ही बसलाय ना, तिथेच बसते. पाटीकडे बघते आणि दर वेळी तेच — ‘भाऊजी, माझी ताई बिल्ल्याशिवाय गेली नसती. तुम्ही नीट आठवा.’ मी म्हणतो, आठवतो. चहा घेत नाही ती.

हा बघा. या खणात असतो, पेन्सिलींच्या खाली. घ्या, हातात घेऊन बघा — जड आहे ना? पत्र्याला ते वजन येत नाही. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही सतरावर बोट ठेवलंत म्हणून. दुसऱ्या कोणी ठेवलं असतं तर त्याला सांगितलं असतं, का नसतं, काय माहीत. ही वही महिनाअखेरीला कचेरीत जाते हं, पान न् पान वाचतात तिथे.

किती वाजले? अकरा सात. नाही ताई, आता नाही सोडता येणार. बोलत मीच बसलो, खरं आहे, पण अकरा म्हणजे अकरा. साडेअकराची गाडी खालून मिळेल तुम्हाला. बूट वाळलेत. तो बिल्ला द्या इकडे. आणि दार जाताना ओढून घ्या, वारा येतो — मी लिहितोय. बारा ऑक्टोबर. वर गेलेले, शून्य. खिळे, चाळीस. बिल्ले, एक्केचाळीस. सतरा नंबरचे दोन.