सॅस्काटून बेरीचा जॅम

जॅमचा विषय काढलातच, तर ऐका. तोक्योत असताना आमचा क्लायंट होता कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला. तिथली मार्था दर कॉलला सांगायची, "जयंत, इकडे ये, आमची सॅस्काटून बेरी खाऊ घालते." वर्षभर राबलो मी आणि व्हिजिटला साहेबांनी पाठवलं माझ्या शेजारी बसणाऱ्या देशपांडेला.

परत आल्यावर त्याने जपानी रिवाजाप्रमाणे ऑफिसभर खाऊ वाटला. बिस्किटांवर त्याच बेरीचा जॅम. मला म्हणाला, "घे की, तुलाही आणलाय!"

तिथे काच, कागद असा कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा लागतो; त्या दिवशी ऑफिसात ती पाळी माझी होती. रिकामी बरणी धुताना बुडाला चिकटवलेली चिठ्ठी दिसली: "जयंत, तू आला नाहीस, म्हणून बेरीच पाठवतेय. मार्था."

बरणी काचेच्या डब्यात टाकली, चिठ्ठी कागदाच्या. देशपांडे कुठल्या डब्यात जातो, ते मात्र तिथल्या कचऱ्याच्या तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.