दाराबाहेरच्या चपला

उत्तर थायलंडमधल्या नान गावाच्या बसस्थानकावर मालै बहिणीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा गोरा, उंच जावई बोलत होते. तो इथल्याच बोलीत बोलत होता, म्हणून मालैचे कान आपोआप तिकडे वळले.

"चिकट भात बांधून दिलाय. डेन्मार्कात असला मिळायचा नाही."

"तिथे भेटल्यावर 'जेवलास का' असंही कुणी विचारत नाही, आई."

"तुझी आई विचारेल की! आजारी असली म्हणून काय झालं? आता तिच्यापाशीच राहा, पोरा. माझी लेक गेली. इथे तुझं काय उरलंय?"

"तुम्ही आहात ना."

"माझं काय, मी कोंबड्यांशी बोलेन."

"मी परत येणार आहे. माझ्या चपला तुमच्या दाराबाहेरच ठेवल्यात."

"बघितल्या मी. कुत्रं पळवेल त्या."

"मग आत ठेवा."

"चपला घरात? इतकी वर्षं राहून हेच शिकलास होय रे?"

दोघंही हसली. तेवढ्यात बँकॉकची गाडी लागली. त्याने गुडघे टेकून तिला हात जोडले आणि मागे न बघता तो गाडीत चढला.

गाडी गेल्यावर म्हातारी तशीच बसून राहिली.

"आजी, घरी सोडू का तुम्हाला?" मालैने विचारलं.

"थांब गं जरा. गाडी वळू दे."

गाडी केव्हाच वळून दिसेनाशी झाली होती. मालै उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.