टर्कीची पिचकारी

(मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या एका घराचं गॅरेज. मार्च महिना. जुन्या फोर-बाय-फोर ट्रकखालून बुटांचे दोन जोड बाहेर आलेले.)

आर्विड : मागचे बोल्ट आधी ढिले कर म्हटलं होतं ना!

टोइवो : मागचेच केले.

आर्विड : मग हे माझ्या कॉलरमधून आत काय चाललंय?

टोइवो : ऑइल.

आर्विड : ऑइल आहे ते मलाही कळतंय, टोइवो.

टोइवो : फार गरम आहे?

आर्विड : कोमट.

टोइवो : मग बरंय.

मार्लिस : ए बुटांनो! तुमच्यातला माझा नवरा कुठला?

आर्विड : भोक पडलेला जोड. काय गं?

मार्लिस : मी रॉजरला फोन केलाय. तीन वाजता येतोय.

आर्विड : कुठला रॉजर? भंगारवाला?

मार्लिस : नाही, स्वीडनचा राजा. भंगारवालाच! दारातून उचलून नेतो म्हणाला.

आर्विड : आम्ही इथे त्याचं पोट उघडून बसलोय आणि तू मयताची तयारी करतेस?

मार्लिस : मंगळवारी दवाखान्याच्या चढावर मी बसले होते त्यात, तू नव्हतास. सिग्नल हिरवा झाला. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन विमानासारखं ओरडतंय आणि ट्रक जागचा हलत नाही! गिअर टाकलाय की नाही, त्याचा त्यालाच पत्ता नाही. मागे गाड्यांची ही रांग. सिग्नल लाल झाला, परत हिरवा झाला. एकानं तरी हॉर्न वाजवावा?

आर्विड : सभ्य माणसं आहेत आपल्याकडची.

मार्लिस : मला वाटत होतं, अरे वाजवा रे कुणीतरी! निदान शिवी तरी घाला! सगळे आपले काचेतून गोड हसतायत.

टोइवो : गिअर स्लिप होतोय, मार्लिसबाई. त्याचंच बघतोय.

मार्लिस : टोइवो, तू मधे पडू नकोस. तुझी चूक नाही यात.

आर्विड : ट्रक गेल्यावर आम्ही तळ्यावर जायचं कसं? गोठलेल्या तळ्यावर आमची मासे धरायची खोपटी उभी आहे.

मार्लिस : माझी गाडी आहे की.

आर्विड : ती बाहुलीची गाडी? काठावरच रुतेल ती. आणि टोइवोचं काय? डोळ्यांमुळे त्याचं लायसन गेलं, त्याला कोण नेणार?

टोइवो : माझं काय एवढं.

मार्लिस : दोघं माझ्या स्वयंपाकघरात बसा की. पत्ते खेळा. मासे मी दुकानातून आणते.

टोइवो : स्वयंपाकघर चांगलं आहे.

आर्विड : चांगलं आहे म्हणजे?

टोइवो : उबदार असतं.

आर्विड : तू कुणाच्या बाजूनं आहेस?

मार्लिस : हे बघ आर्विड, एकदाच सांगते. तीनच्या आत मला हा ट्रक घेऊन होड्यांच्या धक्क्यावरचा चढ चढता आला, तर रॉजरला मी परत पाठवीन. मी चालवणार, तू नाही. नाही चढला तर विषय संपला. टोइवो, कॉफी आणू?

टोइवो : नको, नको.

मार्लिस : थोडीशी?

टोइवो : नको, उगाच त्रास.

मार्लिस : आणतेच.

आर्विड : गेली. आता तो गिअरबॉक्सखालचा ट्रे सावकाश खाली घे. त्यातल्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघ आधी.

टोइवो : भुकटी. राखेसारखी.

आर्विड : लोखंडाचे तुकडे?

टोइवो : नाहीत.

आर्विड : एकही नाही? नीट बघ, तुझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.

टोइवो : बोटानं बघतोय. नाहीत.

आर्विड : देवा! जगेल म्हातारा. फिल्टर बदलू, नवं ऑइल घालू, की पळेल. अजून काय बघतोयस?

टोइवो : ऑइल कमी निघालं.

आर्विड : माझ्या कॉलरमधलं धरलंस का?

टोइवो : ते धरूनच. फार कमी आहे. म्हणूनच स्लिप होत होता.

आर्विड : मग गेलं कुठे? खाली पुठ्ठा टाकलेला असतो, तो कोरडा ठणठणीत. ट्रक काही ऑइल पीत नाही.

टोइवो : हं.

आर्विड : हं म्हणजे काय?

टोइवो : काही नाही.

मार्लिस : घ्या, कॉफी. गरम आहे. आणि त्या फळीवरची एक बरणी मी आत नेतेय रे. रानचेरीचा पाक संपलाय, उद्या पॅनकेक करायचेत.

आर्विड : कुठली बरणी?

मार्लिस : त्या लाल बरण्या. एवढ्या मागे कशाला लपवल्यास? खाऊन टाकीन म्हणून?

आर्विड : मार्लिस, ती खाली ठेव.

मार्लिस : का?

आर्विड : तो पाक नाही.

मार्लिस : मग काय आहे?

टोइवो : गिअरबॉक्सचं ऑइल. तेही लालच असतं.

मार्लिस : अरे देवा.

आर्विड : काय झालं?

मार्लिस : ख्रिसमसला यातलीच एक मी पाद्रीसाहेबांना दिली. वर लाल रिबीन बांधून!

आर्विड : काय म्हणाले ते?

मार्लिस : आभाराचं कार्ड आलं. पाक पोचला, चव अगदीच वेगळी होती, असं लिहिलं होतं.

आर्विड : वेगळी!

मार्लिस : आपल्याकडे कुणी 'वेगळी' म्हटलं की काय समजायचं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, साखर कमी पडली असेल.

आर्विड : पण तब्येत ठीक आहे ना त्यांची?

टोइवो : रविवारी गायले. आवाज मोकळा होता.

मार्लिस : थट्टा पुरे! गिअरबॉक्सचं ऑइल जॅमच्या बरणीत गेलं कसं?

आर्विड : मी काढलं. थोडं थोडं. चांगलं ऑइल फेकायचं कशाला, म्हणून ठेवलं भरून.

मार्लिस : कशानं काढलंस?

आर्विड : ते महत्त्वाचं नाही.

मार्लिस : आर्विड. कशानं?

आर्विड : टर्कीच्या पिचकारीनं.

मार्लिस : माझ्या? टर्कीवर रस सोडायच्या? थँक्सगिव्हिंगला मी सगळं घर उलटंपालटं केलं! शेवटी शेजारच्या डॉरिसची मागून आणली, आणि मी ती हरवते की काय म्हणून बाई जेवण होईपर्यंत माझ्या शेजारी उभी होती!

आर्विड : पिचकारी एकटी पोचत नाही इतक्या खोल. आमिषाचे मासे जिवंत ठेवायच्या बादलीची हवेची नळी लावली पुढे. डोकं लागतं त्याला.

मार्लिस : डोक्याचं नंतर बघू. काढलंस कशाला?

आर्विड : जास्त होतं म्हणून! दर शनिवारी तळ्यावर जायच्या आधी मी ऑइल मोजायची पट्टी बुडवून बघतो. दरवेळी खुणेच्या वर. जास्त ऑइल वाईट. काढलं की आठवडाभर जिवाला बरं वाटायचं.

मार्लिस : टोइवो, तू का खोकतोयस?

टोइवो : काही नाही.

मार्लिस : तुला काहीतरी माहीत आहे. बोल.

टोइवो : म्हणजे... या गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालू ठेवून मोजतात. गरम असताना. बंद केलं की वर फिरणारं सगळं खाली उतरतं. मग जास्त दिसतं.

आर्विड : नुसतं मोजायला पेट्रोल जाळायचं?

टोइवो : हो.

आर्विड : कोण म्हणतं?

टोइवो : पट्टीवरच लिहिलंय.

आर्विड : पट्टीवर कोण वाचत बसतं! आणि तू... तू दर शनिवारी माझ्या शेजारी उभा असायचास. दोन हिवाळे!

टोइवो : हो.

आर्विड : आणि बोलला नाहीस?

टोइवो : ट्रक तुझा.

मार्लिस : ट्रक त्याचा! आणि चढावर मी!

टोइवो : एकदा म्हटलं होतं मी. काही लोक इंजिन चालू ठेवून बघतात म्हणे.

आर्विड : मग मी काय म्हणालो?

टोइवो : लोक काय वाट्टेल ते करतात, म्हणालास.

मार्लिस : हॉर्न न वाजवणारी जात तुमची! गाव बुडालं तरी एकमेकांना पाणी आलंय म्हणून सांगणार नाहीत. मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं ना रे!

आर्विड : थांब. आता निघालंच आहे तर मीही सांगतो. टोइवो, तुझ्या थर्मासला वास येतो.

टोइवो : कसला?

आर्विड : माशाचा. बारा वर्षं मी बर्फावर बसून माशाची कॉफी पितोय.

टोइवो : सांगायचंस की.

आर्विड : थर्मास तुझा.

टोइवो : फार वेगळी लागते?

आर्विड : अगदीच वेगळी.

मार्लिस : मी घरात जाते. तुम्ही त्याला ऑइल पाजा. घड्याळाकडे लक्ष ठेवा.

आर्विड : चल, फिल्टर बसव. नवं गॅस्केट घालून ट्रे परत लाव. बोल्ट समोरासमोरचे आवळ, एका बाजूनं नको. आता बाहेर ये. लांब नरसाळं धर पट्टीच्या नळीत. ओततो. बास?

टोइवो : अजून थोडं. हं. आता इंजिन चालू कर. ब्रेकवर पाय ठेव, एकेक गिअर टाकून बघ.

आर्विड : मागचा... धरला! पुढचा... धरला, टोइवो! बघ, कसा धक्का दिला त्यानं!

मार्लिस : ऐकला आवाज. उतर, मी बसते.

आर्विड : मी शेजारी बसू?

मार्लिस : नको. चढावर तू माझ्या आधी ब्रेक दाबतोस.

आर्विड : गेली. आता काय?

टोइवो : आता थांबायचं.

आर्विड : दोन हिवाळे टोइवो. का नाही बोललास? खरं सांग.

टोइवो : तू रागावला असतास तर?

आर्विड : मग रागावलो असतो. पुढे?

टोइवो : शनिवारी सकाळी माझ्या दारात हॉर्न कुणी वाजवला असता? आठवडाभर घरात मी घड्याळच ऐकतो. मला भीती वाटली.

आर्विड : गाढवा. थर्मासचा वास सोसला मी बारा वर्षं. एका पट्टीवरून तुला सोडणार होतो?

टोइवो : मला काय माहीत. तू बोलत नाहीस.

आर्विड : ऐक! धक्क्याकडून आवाज येतोय. चढतोय. ओरडत नाहीये, चढतोय!

टोइवो : कान चांगलेत माझे. चढला.

मार्लिस : चढला! दोनदा चढवला. इकडेच यायला निघालेला रॉजर वर उभाच होता त्याची उचलगाडी घेऊन. परत जा म्हटलं.

आर्विड : काय म्हणाला?

मार्लिस : ट्रककडे बघितलं आणि म्हणाला, वाईट नाही.

आर्विड : वाईट नाही! स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढं बोलला नव्हता तो.

मार्लिस : आता चांगला तापलाय. शेवटचं एकदा ऑइल बघून घ्या आणि आत या. माझी पिचकारी मला परत नको. डॉरिसकडे असते तशी नवी हवी.

आर्विड : आणतो, आणतो. उतर तू. फडकं दे टोइवो. हं, पट्टी काढली. अरे! परत खुणेच्या वर! टोइवो, पिचकारी कुठे ठेवली?

टोइवो : आर्विड.

आर्विड : काय?

टोइवो : किल्ली फिरवलीस तू. इंजिन बंद आहे. चालू कर.

आर्विड : ... केलं. बरोबर खुणेवर आहे.

मार्लिस : टोइवो, कॉफी?

टोइवो : हो. द्या.